थांबावं लागलं तर?

ऑक्टोबर सरत आला की मला ठरावीक फोन येऊ लागतात. उन्हाळ्यात उत्साहाने धावायला सुरुवात केलेली, शिकागोत नवीन आलेली आपली मराठी मंडळी असतात. प्रश्नही ठरलेला. "ताई, थंडीत धावायला जॅकेट कुठलं घेऊ?"

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा जॅकेट ठरलेलं असतं, दुकान ठरलेलं असतं, फक्त मी "हो, घे" म्हणायचं बाकी असतं. मी मात्र उलटे तीन प्रश्न विचारते. कुठे धावणार? किती वेगाने धावणार? आणि घरापासून सगळ्यात लांब असताना पाय मुरगळला तर परत कसं येणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात. तिसऱ्याला समोरचा हसतो. "ताई, अहो मुरगळेल कशाला?"

मला विचाराल तर थंडीतल्या कपड्यांचा सगळा विचार या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. धावत असताना थंडी फारशी कुणाला मारत नाही. थांबल्यावर मारते. म्हणून कपडे निवडायचे ते थांबावं लागेल त्या क्षणासाठी. हे माझं मत आहे. इथल्या धावणाऱ्यांच्या जगात जे सर्रास सांगितलं जातं त्याच्याशी ते पूर्ण जुळत नाही, म्हणून जरा सविस्तर मांडते.

आधी थोडा हिशोब करू. धावायला ढोबळमानाने दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, एक किलोकॅलरी लागते. म्हणजे ६० किलो वजनाचा माणूस ताशी १० किलोमीटरच्या वेगाने धावला तर तासाला ६०० किलोकॅलरी जाळतो. यातला जेमतेम पाव भाग पाय उचलण्याच्या कामी येतो. उरलेल्या पाऊण भागाची निव्वळ उष्णता होते. म्हणजे छातीत एक चांगली फुललेली शेगडी घेऊनच आपण पळत असतो. उणे पाच अंशातही दहा मिनिटांनी कपाळावर घाम येतो तो यामुळेच.

आता तोच माणूस चालायला लागला की हा आकडा तासाला २०० किलोकॅलरीच्या आसपास येतो. नुसता उभा राहिला तर शंभराच्याही आत. हवा तीच, कपडे तेच, पण शेगडी एकदम मंदावलेली. आणि अंगावरचा कपडा तोवर घामाने ओला झालेला.

इथे सगळे जण एक नियम सांगतात. बाहेर जेवढं तापमान असेल त्याहून दहा अंश जास्त आहे असं समजून कपडे घाला, आणि पहिली दहा मिनिटं थंडी वाजली पाहिजे. नाही वाजली तर तुम्ही जास्त कपडे घातलेत असं समजा. नियम चांगला आहे. अंगात बनियन, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जाड जॅकेट घालून निघणाऱ्याला तो सांगायलाच हवा, कारण असा माणूस दुसऱ्या किलोमीटरला घामाने निथळतो आणि तो घामच पुढे त्याचा वैरी होतो.

पण हा नियम कुणाच्या अंगावर बेतून शिवलेला आहे? जो भराभरा पळतो, मध्ये थांबत नाही, आणि पळून झालं की थेट गाडीत किंवा घरात शिरतो, त्याच्या. आपल्यापैकी बरेच जण तसे नसतात. चाळिशीनंतर धावायला लागलेल्या, पाच मिनिटं धावून एक मिनिट चालणाऱ्या, ताशी सात किलोमीटरने जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीची शेगडी तासाला ४२० किलोकॅलरीची आहे, आणि दर पाच मिनिटांनी ती शेगडी आपणहून मंद करतेय. तिला "दहा अंश मिळवा" सांगणं म्हणजे ताडमाड उंच माणसाच्या मापाची पँट तिच्या हातात देणं. ती कुडकुडते, दोन रविवार येते, मग मार्चपर्यंत दिसत नाही. सगळ्यांना वाटतं तिला थंडी सोसत नाही. खरं तर तिला दिलेला सल्लाच दुसऱ्या कुणाचा तरी होता! हळू धावणाऱ्यांनी पाच अंश मिळवावेत, सहाही चालतील. आणि पहिली दहा मिनिटं थंडी वाजण्यात कसलाही पराक्रम नाही. जरा गारवा जाणवला तर ठीक, दात वाजायला लागले तर घरात परत जाऊन एक कपडा वाढवावा.

आता ओलाव्याकडे येते.

आपण सुती कपड्यांत वाढलेली माणसं. लहानपणापासून "अंगाला सुती असावं" हे ऐकलेलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते शंभर टक्के खरं. सूत घाम पितं, तो हळूहळू वाळतो, वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, आणि जिवाला बरं वाटतं. थंडीत नेमकं हेच नको असतं. एक ग्रॅम पाणी वाळायला सुमारे अर्धा किलोकॅलरीहून थोडी जास्त उष्णता लागते. सुती टी-शर्टात २०० ग्रॅम घाम मुरला, आणि तो मुरतोच, तर तो वाळवायला शंभराहून जास्त किलोकॅलरी लागतात. त्या कुठून येणार? आपल्याच अंगातून. शिवाय कोरड्या हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी वेगाने वाहून नेतं, साधारण पंचवीस पट. म्हणजे ओला सुती शर्ट अंगाला चिकटला की तुम्ही पाण्याचा पातळ थर पांघरून उभे असता.

पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीत नाही. पाणी धाग्यांच्या मधल्या जागेत राहतं, बाहेरच्या बाजूला सरकतं आणि लवकर उडून जातं. दोष एकच, वास. तिसऱ्या दिवशी तो शर्ट घरात कुणी जवळ ठेवू देत नाही. लोकरीची गोष्ट याहून वेगळी आहे. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा आत जिरवूनही हाताला ओला लागत नाही, आणि त्याच्या नागमोडी वळणांत हवा अडकलेली राहते ती राहतेच.

हे वाचून आपल्याला नवल वाटायला नको. माणदेशात, सांगली-सोलापूरकडे मेंढपाळ पिढ्यानपिढ्या घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन पावसात उभे राहत आले आहेत. घोंगडी भिजते, जड होते, पण आतल्या माणसाची ऊब टिकून राहते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, अंगाला टोचणारी, म्हणून ती वरून घ्यायची. मेरिनो मेंढीची लोकर बारीक, माणसाच्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणून ती थेट कातडीवर घालता येते. फरक एवढाच. इथल्या दुकानात मेरिनोच्या एका बनियनला जे पैसे मागतात ते ऐकून घोंगडी विणणाऱ्याला घेरी येईल. असो.

सांगायचा मुद्दा, अंगाला लागून असणारा कपडा सगळ्यात महत्त्वाचा. लोक पैसे घालतात सगळ्यात वरच्या जॅकेटवर, कारण ते दिसतं. आतला कपडा जुना, फुकट मिळालेला, कुठल्यातरी कंपनीच्या नावाचा सुती टी-शर्ट असतो. हे उलटं व्हायला हवं. बायकांच्या बाबतीत तर जास्तच. आतली ब्रा सुती असेल तर वरचे तीन थर कितीही भारी असले तरी छातीवर ओलं फडकं बांधून फिरल्यासारखंच. आणि हे कुणी सांगतही नाही, कारण सल्ले देणारे बहुतेक बाप्ये.

थंडी म्हणजे फक्त तापमान नव्हे, हे एका माणसाच्या एका वर्षातून फार छान दिसतं. जपानचा युकी कावाउची. १ जानेवारी २०१८ला त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या मार्शफील्ड इथे एक छोटीशी मॅरेथॉन धावली. तापमान उणे १७च्या आसपास. ती पूर्ण करणारा तो एकटाच, वेळ २ तास १८ मिनिटं ५९ सेकंद. मग त्याच वर्षी १६ एप्रिलला त्याच राज्यात बॉस्टन मॅरेथॉन झाली. तापमान शून्याच्या वर, तीन-चार अंश, पण मुसळधार पाऊस आणि समोरून झोडपणारा वारा. जगातले कित्येक नामांकित धावपटू गारठून अर्ध्यावर शर्यत सोडून गेले. कावाउची जिंकला, २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत. बायकांत डेझिरे लिंडेन जिंकली, २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत, आणि ती वेळ बॉस्टनला बायकांच्या विजयाची कित्येक दशकांतली सगळ्यात संथ वेळ होती. उणे १७ ऐकून आपल्याला कापरं भरतं आणि अधिक चार ऐकून आपण म्हणतो, "छान आहे की!" पण अधिक चार अंशांचा पाऊस हा कोरड्या उणे दहापेक्षा कितीतरी वाईट. उणे दहाला बर्फ अंगावरून झटकता येतो. पाऊस झटकता येत नाही.

यापुढचं उदाहरण आनंदाचं नाही, पण ते सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही. २२ मे २०२१ला चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातली १०० किलोमीटरची शर्यत होती. १७२ जण धावत होते, त्यांत देशातले उत्तमातले उत्तम धावपटू. मे महिना, म्हणून बरेच जण अर्ध्या चड्डीत आणि पातळ टी-शर्टात. दुपारी उंचावरच्या भागात अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. २१ जण गारठून गेले. वारा अडवणारं जॅकेट जवळ बाळगणं त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं, आणि जवळ ते नसलेले बरेच होते. पुढे चौकशी झाली, आयोजकांवर ठपकाही आला. ते रास्तच. पण मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळे. झू केमिंग त्याचं नाव. तो पावसापासून आडोसा म्हणून एका गुहेत थांबला होता. त्याने त्यांना आत आणलं, शेकोटी केली, पांघरुणं दिली. एवढंच. शेकोटी, आडोसा आणि पांघरूण.

जे गेले ते काही हौशी नवशिके नव्हते. ते धावत होते तोवर त्यांची शेगडी त्यांना पुरत होती. चढण, वारा, पाऊस यांनी वेग मंदावला आणि मग ती पुरेनाशी झाली. कपडे धावण्याच्या हिशोबाने घातलेले होते. थांबण्याचा हिशोब कुणी केलाच नव्हता.

तुम्ही म्हणाल, डोंगरातली १०० किलोमीटरची शर्यत कुठे आणि तळ्याकाठची सकाळची फेरी कुठे! बरोबर आहे. आता तळ्याकाठचीच सांगते. शिकागोत मिशिगन तळ्याच्या काठाने सुमारे २९ किलोमीटरची सुरेख वाट आहे. एका फेब्रुवारीत आमच्यातला एक जण तिथे एकटाच धावत होता. तापमान उणे अकरा. अंगात सुती टी-शर्ट आणि त्यावर सुती हुडी. गाडीपासून तीन किलोमीटरवर बर्फाच्या काचेसारख्या थरावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. तळ्यावरचा वारा समोरून. लंगडत यायला त्याला तासाच्या वर लागला. पहिल्या पंधरा मिनिटांत हुडी ओली होती, मग ती पुठ्ठ्यासारखी कडक झाली. फोन होता, पण बोटं चालेनात आणि थंडीने फोनही बंद पडला. शेवटी कुत्रं फिरवायला आलेल्या एका बाईंनी आपलं जॅकेट त्याच्या अंगावर टाकलं आणि गाडीपर्यंत सोडलं. काही झालं नाही. दोन दिवस झोपून होता, इतकंच. पण त्या बाई त्या सकाळी आल्या नसत्या तर? पंचवीस लाखांहून जास्त माणसांच्या शहरात, रस्त्यापासून दगड मारला तर लागेल इतक्या अंतरावर!

वाऱ्याबद्दल थोडं. हवामानाच्या बातमीत 'फील्स लाइक' म्हणून जो आकडा देतात तो अमेरिका आणि कॅनडाने २००१मध्ये ठरवलेल्या सूत्राने काढलेला असतो. ते सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी आहे, आणि तो चेहरा ताशी पाचेक किलोमीटरने चालणाऱ्या माणसाचा धरलेला आहे. तापमान उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असला तर आकडा येतो उणे २०. आपण धावतो तेव्हा आपला स्वतःचा वारा त्यात पडतो. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यासमोर ताशी १० किलोमीटरने धावलात तर चेहऱ्यावर ३०चा वारा येतो. तोच वारा पाठीशी घेऊन धावलात तर जेमतेम १०चा. म्हणून जाताना वाऱ्यासमोर जावं आणि येताना वारा पाठीशी घ्यावा. उलट केलंत तर जाताना छान घाम येतो, आणि परतताना त्या ओल्या छातीवर वारा बसतो. कपड्याला एक रुपया न खर्चता निम्मं काम या एका युक्तीने होतं, पण दुकानात ती विकता येत नाही म्हणून तिची जाहिरात नाही.

हा आकडा उणे २८च्या खाली गेला की उघड्या कातडीला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. तेव्हा नाक, गाल, कान, बोटं ही सांभाळायची ठिकाणं. "शरीरातली अर्धी उष्णता डोक्यातून जाते, म्हणून टोपी घाल" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते खरं नाही. डोक्याचा पृष्ठभाग शरीराच्या सुमारे दहा टक्के, आणि उष्णताही साधारण त्या प्रमाणातच जाते. २००८मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने या समजुतीचा समाचार घेतला होता. पण म्हणून आईची कानटोपी वाया गेली असं समजू नका. कानांना मांस नाही, वारा दोन्ही बाजूंनी लागतो, ते लवकर गोठतात. आईचं कारण चुकलं, टोपी बरोबर होती.

हातमोज्यांत सगळी बोटं एकत्र राहतील असे घ्यावेत. बोटं एकमेकांना ऊब देतात. वेगवेगळ्या घरात राहिली की प्रत्येकाचं बिल वेगळं. तोंडावर गळपट्टी ओढून घेतली की श्वासाची हवा थोडी कोमट आणि दमट होऊन आत जाते. दमा असणाऱ्यांनी तर ती घ्यावीच, आणि डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं. आणि पुरुष वाचकहो, १९७७च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका डॉक्टरांनी पातळ पँट घालून डिसेंबरात धावल्यावर स्वतःच्या कुठल्या अवयवाला हिमदंशाची सुरुवात झाली त्याचं पत्र छापून आलेलं आहे. जास्त खुलासा करत नाही. चड्डीच्या पुढच्या बाजूला वारा अडवणारं कापड असलेलं बरं.

मग शेवटी घालायचं काय? माझं गणित साधं आहे. शून्य ते आठ अंश: अंगाला लागून पॉलिएस्टरचा किंवा मेरिनोचा एकच लांब बाह्यांचा शर्ट, साधी टाइट्स, पातळ हातमोजे, कानपट्टी. शून्य ते उणे आठ: त्यावर गळ्यापासून चेन असलेला दुसरा पातळ थर. चेन हवीच, कारण घाम येतोय असं वाटलं की ती चार बोटं खाली ओढायची, गार वाटलं की वर. धावताना तापमान कमी-जास्त करायचं ते एकच बटण आपल्या हातात असतं. उणे आठच्या खाली: सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ विंडचीटर, जाड हातमोजे, लोकरीचे मोजे, गळपट्टी. हे वेगाने धावणाऱ्यांसाठी. हळू धावणाऱ्यांनी प्रत्येक पायरी पाच अंश आधीच चढावी.

आणि या सगळ्याच्या वर, तापमान काहीही असो, घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जाणार असाल तर अंगात नसलेला एक जास्तीचा कपडा कमरेला. पातळ विंडचीटर शंभर-दीडशे ग्रॅमचं असतं, घडी केली तर मुठीत मावतं. फोन अंगाला लागून आतल्या खिशात, म्हणजे तो गोठणार नाही. खिशात थोडे पैसे. घरी कुणालातरी वाट आणि वेळ सांगितलेली. खूप थंडी असेल तर लांब सरळ जाण्याऐवजी घराभोवती दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. कंटाळवाणं आहे, मान्य. पण घर कधीच एक किलोमीटरहून लांब राहत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. "एवढं लटांबर घेऊन धावायची मजा काय?" धावण्याची मजाच मुळी हलकं असण्यात आहे, दोन बूट घातले की निघालो, हे मलाही मान्य आहे. इथल्या उन्हाळ्यात मी तसंच धावते. पण दीडशे ग्रॅम म्हणजे एक मोठं सफरचंद. त्याने कुणाची मजा जात असेल तर ती मजा फारच नाजूक म्हणायची.

दुसरी एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. नॉर्वेकडची एक म्हण इथे धावणाऱ्यांच्या तोंडी असते: खराब हवा असं काही नसतं, असतात ते खराब कपडे. ऐकायला झकास आहे. दुकानदारांना तर फारच आवडते. पण तिचा अर्थ असा निघतो की तुम्ही आज बाहेर पडला नाहीत तर दोष तुमचा. तुमच्या कपाटाचा किंवा तुमच्या मनाचा. ३० जानेवारी २०१९ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे ३०.६ अंश नोंदले गेले. त्या दिवशीसुद्धा काही जण धावून आले आणि पापण्यांवर बर्फ साचलेले फोटो काढून मिरवत होते. मी घरात खिचडी केली. खराब हवा असते. चांगली खासी असते. रस्त्यावर पारदर्शक बर्फ असतो तेव्हा जगातलं कुठलंही जॅकेट पाय घसरण्यापासून वाचवत नाही. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, आणि अंधारात गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही. तिथे लोकरीपेक्षा चमकती पट्टी आणि दिवा कामाचा. न जाण्याचा निर्णय हाही कपडे निवडण्याइतकाच शहाणपणाचा भाग आहे.

तिकडे महाराष्ट्रात असलेल्यांना हे सगळं परक्या गावचं वाटेल. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेला की आपल्याकडे ती पहिल्या पानाची बातमी होते. पण पुण्या-नाशकात डिसेंबरच्या पहाटे स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून धावणारे दिसतात, आणि अर्ध्या तासाने तेच लोक घामाने ओल्या स्वेटरात टपरीवर चहा पीत गप्पा मारत उभे असतात. सर्दी होते ती थंडीमुळे, असं मग घरी सांगितलं जातं. सर्दी विषाणूने होते हे खरं, पण त्या ओल्या स्वेटरात हुडहुडी भरते ती उगाच ओढवून घेतलेली असते. तिथे एक लांब बाह्यांचा पातळ शर्ट पुरे, आणि चहाआधी बदलायला पिशवीत दुसरा कोरडा. हल्ली लडाखला धावायला जाणारी मराठी मंडळीही बरीच आहेत. खार्दुंग ला चॅलेंजचे ७२ किलोमीटर पहाटे तीनच्या गोठत्या अंधारात सुरू होतात आणि घाट चढून दुपारच्या उन्हात लेहकडे उतरतात. पुण्यात सराव करून तिथे गेलेल्याच्या पायांत बळ असतं, पण चढावर आपण धावत नाही, चालतो, हे ध्यानात ठेवून त्याने पिशवी भरावी.

थोडक्यात काय, दुकानात जाल तेव्हा सेल्समन तुम्हाला आरशासमोर उभं करेल आणि जॅकेट घालून दोन्ही हात हलवून बघायला सांगेल. तेव्हा डोळ्यांसमोर दुसरं चित्र आणा. पाचव्या किलोमीटरला आपण एका बाकावर बसलोय, घोटा सुजतोय, अंग ओलं आहे आणि तळ्यावरून वारा येतोय. या माणसाला आत्ता काय हवंय? त्याचं उत्तर विकत घ्या. ते बहुधा त्या आरशातल्या जॅकेटपेक्षा स्वस्त असतं.

बघा पटतंय का.